विन्को गुडघे का टेकतो

विन्को बारिशिचने चाळीस वर्षं क्रोएशियातल्या अर्ध्या शिबेनिक शहराच्या न्हाणीघरांत फरश्या बसवल्या. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या शनिवारी गर्भपाताविरुद्ध चौकात गुडघे टेकून जपमाळ ओढणाऱ्या पुरुषांत तो दाखल झाला, तेव्हा त्याच्याइतका अनुभवी गुडघा तिथे कुणाचाच नव्हता. पहिल्या दिवशी तो सवयीने कामाचे गुडघेपट्टे बांधूनच आला आणि टेकण्याआधी दगड चाचपून म्हणाला, "हा डावीकडे बोटभर खचलाय."

"विन्कोकाका, आपण त्याग करायला आलोय, ठेका घ्यायला नाही," फ्राने नावाचा त्यांचा म्होरक्या म्हणाला. विन्कोने निमूट पट्टे सोडले.

बाकीचे का येत ते उघड होतं. फ्रानेची श्रद्धा अस्सल. आंटेला बायको पाठवायची. दोघं-तिघं नंतरच्या कॉफीवर आणि गप्पांवर जीव लावून होते. विन्कोला विचारलं की तो खोकायचा. पण प्रथा अशी, की दर महिन्याला एकाने आपलं कारण माइकवर सांगायचं. मे महिन्यात नंबर विन्कोचा लागला.

गावाआधी ते मिर्ताला सांगणं भाग होतं. ही त्याची एकुलती लेक चौकातून जाताना दर वेळी ओरडायची, "बाबा, ऊठ! बायकांचं बायका बघतील!" ऐकून ती कायमची तुटली तर? तरी रविवारी जेवताना त्याने काटा खाली ठेवला.

"तू पोटात होतीस तेव्हा युद्ध चालू होतं. घर नाही, काम नाही. मीच तुझ्या आईला म्हटलं, हे मूल नको. डॉक्टरची वेळही मीच ठरवली."

मिर्ताने आईकडे पाहिलं.

"अर्ध्या वाटेवरून परत फिरले," नेवेंका बटाटे वाढत म्हणाली. "येताना मासे आणले. यानं चकार शब्द न काढता सगळे संपवले."

"म्हणून चौकात बसतोस तू?" मिर्ताने बाबाला विचारलं.

"म्हणून. तुला बघितलं की गुडघे आपोआप वाकतात, पोरी."

मिर्ताने काट्याने बटाटा फोडला. "म्हणजे ठरवलं आईनं. तुझं न ऐकता."

"हो."

"मग शनिवारी तेही सांग. निम्मं गिळू नकोस."

"फ्राने हाकलून देईल!"

"देऊ दे. आणि तो मटणाचा तुकडा एकटा नको संपवूस, इकडे सरकव."

शनिवारचं शनिवारी बघू, असं म्हणत विन्कोने अख्खं ताटच लेकीपुढे सरकवलं.