चिकटवलेला गुरू

"कानाला हात लावायचा, सरांचं नाव घ्यायचं आणि गायला बसायचं. बस, इतकंच तर आहे, बेटा."

इंदूरच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या. मेकअप रूमचं दार त्यांनी आतून लावून घेतलं होतं. सर म्हणजे त्यांचे यजमान. छत्रीबागेत त्यांचा गाण्याचा क्लास आहे. मी तिथे एक दिवसही शिकलेले नाही.

मी पियानो शिकले शाळेच्या खिडकीतून. त्याची फी वेगळी होती. ती भरणाऱ्या मुली आत, मी बाहेर. त्यांची बोटं बघायची आणि बाकावर तशी चालवायची. पुढे जुना कीबोर्ड मिळाला. कॉलेजात असताना संध्याकाळी तो फुटपाथवर मांडून गायला लागले. मला बोलायची भीती वाटते. गायची नाही.

तिथेच एकदा याच काकूंनी गाडीची काच खाली केली होती.

"मराठी घरातली दिसतेस. रस्त्यावर? शोभतं का?"

मी मान खाली घातली. काच वर गेली.

मग कुणीतरी व्हिडिओ टाकला. बाहेरगावची आमंत्रणं आली, पेपरात फोटो आला. तेव्हा मंडळाला मी इंदूरची लेक वाटायला लागले आणि त्यांनी माझा कार्यक्रम ठेवला.

"बिना गुरूची म्हटलं की कसं दिसतं ना," काकू माझी ओढणी नीट करत म्हणाल्या. "आणि तुझे बाबा पोलोग्राउंडला माझ्या भावाच्या कारखान्यातच आहेत ना, लेथ मशीनवर? इतकी वर्षं सांभाळलंय त्यानं."

त्या हसल्या. त्यांची बोटं थंड होती.

स्टेजवरून बाबा दिसले. पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. शेजारी कारखान्याचा मालक, काकूंचा भाऊ. मालकाचा हात बाबांच्या खांद्यावर.

माझा हात कानाकडे निघाला. अर्ध्यावर थांबला. मी तो खाली घेतला.

"माझे कुणी गुरू नाहीत. मी बघून बघून शिकले."

कुणीतरी खोकलं. मालकानं हात काढून घेतला. मी गायले. टाळ्या मागून आल्या. पहिली रांग गप्प होती.

सोमवारी बाबा दुपारीच घरी आले. डबा भरलेलाच.

"भियाजी म्हणाले, कल से मत आना." कारखान्यात मालकाला सगळे भियाजी म्हणतात. डबा ओट्यावर ठेवत बाबा म्हणाले, "एक नाव घेतलं असतंस तर काय गेलं असतं?"

तेवढ्यात काकूंचा मेसेज आला. सरांचे आभार मानणारी एक पोस्ट टाक, भावाशी बोलते. मी तो बाबांना वाचून दाखवला. त्यांनी माझ्याकडे आशेनं बघितलं. तेच सगळ्यात कठीण होतं.

मी मेसेज पुसला.

"घर मी चालवीन, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलंत तरी ते नाव मी घेणार नाही."