ताईसाठी पावणेसहा मीटर

शिवणकाम सांभाळून धाकटीने चाळिशीत तंत्रनिकेतनात नाव घातलं, तेव्हा घरच्यांनी ते हसण्यावारी नेलं. थोरली बहीण चाकाच्या खुर्चीत होती. दारातल्या अर्धा मीटर उंच पायऱ्या आल्या, की तिला दोघांनी उचलावं लागे.

वर्गात धाकटीला उमगलं, की चढाचा कोन जितका लहान, तितकी वजनाची मागे खेचणारी ओढ कमी. तिने पाच अंशांचा कोन धरला आणि पायऱ्यांच्या उंचीला त्याच्या साइनने भागलं.

"पावणेसहा मीटर लांब रॅम्प? अख्खं अंगण जाईल की!" सुतार म्हणाला.

"जाऊ दे."

रॅम्प झाला. थोरली स्वतःच चाकं फिरवत, कुणाचाही हात न लागता उंबऱ्यापर्यंत पोचली. शेजाऱ्यांकडे वळून ती ताठ मानेने म्हणाली, "हे माझ्या बहिणीचं गणित!"