ओव्हरकाका आणि कर्रकर्र

रेडिओवर आपलं बोलून झालं की म्हणतात तसं ओव्हरकाका घरातही प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणत. "वरणात मीठ नाई, ओव्हर," म्हटलं की काकू मिठाची वाटी त्यांच्यासमोर आदळत. तेवढंच उत्तर. बोरगाव मेघेत त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण जीव सगळा गच्चीवरच्या अँटेनात. अँटेनाखाली काकूंच्या कुरड्या वाळत आणि काका त्या तुडवतच वर चढत.

मी अल्लीपूरचा शेतकरी. त्यांनीच मागे लागून मला हौशी रेडिओचा परवाना काढायला लावला. रोज संध्याकाळी आमच्या गप्पा चालत. पुढे काकांचे कान गेले. मशीन लावा म्हटलं, तर म्हणाले, "कानात बटन घालून दुकानात काऊन बसू बे? गिऱ्हाईक म्हनन, बुढा झाला, ओव्हर." गप्पा सुटतील ही धास्ती मात्र होती. मग त्यांनी पॅकेट रेडिओचं खूळ काढलं. संगणकावर लिहायचं, ते कर्रकर्र आवाज होऊन रेडिओवरून जातं आणि पलीकडच्या पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटतात. मोबाइलवर लिहा म्हटलं, तर उत्तर तयार: "मोबाइल तर माहा साळाबी चालवते, ओव्हर."

उन्हाळाभर काही उमटलं नाही. काकांनी अँटेना आणखी उंच केला, त्यात आणखी कुरड्या गेल्या. एका संध्याकाळी मालिकेत ऐन भांडण रंगलं असताना कर्रकर्र सुरू झाली. काकू तणतणत उठल्या आणि संगणकाचा आवाज पार खाली करून आल्या. इकडे माझ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: "पोचलं काय गजा, ओव्हर."

काकूंनी फोनवर तक्रार केली, तेव्हा मला उलगडा झाला. जोरात ओरडलं की लांब जातं, या हिशेबानं काका संगणकाचा आवाज कायम पूर्ण ठेवत. त्या गोंगाटात अक्षरं फुटत होती, आणि काकांना तो ऐकूच येत नव्हता. मी हे लिहून कळवलं. उत्तर आलं, "काकूले सांगू नको, ओव्हर." मग दर थोड्या वेळानं आपोआप 'पोचलं काय' जाईल, अशी सोय त्यांनी करून ठेवली.

या हिवाळ्यात काका गेले. त्यांचं 'पोचलं काय' तरीही आपोआप येत राहिलं, आणि एक दिवस तेही थांबलं. काकूंनी यंत्र बंद केलं असेल, असं समजून मी भेटायला गेलो, तर फाटकातच कर्रकर्र ऐकू आली. आवाज पूर्ण वाढवलेला होता आणि टीव्ही मुका.

"काकू, परवाना काकांचा होता. हे बंद करावं लागते," मी म्हणालो.

"करजो. पन चहा पिऊन करजो. घर लय चुप वाटते रे गजा, जराक वाजू दे."

एवढ्या आवाजात काही पोचत नाही, हे सांगायला जीभ रेटेना. चहा संपला तेव्हा मी आणखी एक कप मागितला.