रंगवलेली डायल

घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि माझ्या लग्नातलं घड्याळ उघडलं. मुलाला द्यावं म्हणून मी ते साफ करायला नेलं होतं.

"डायल ओरिजिनल नाही, साहेब," ते म्हणाले. "मागाहून रंगवलीय. सहाजवळच्या रेघा बघा, तिथल्या कंपनीच्या बारीक अक्षरांवर चढल्यात. कंपनीत असं होत नाही."

"पण सासऱ्यांनी नवंकोरं दिलेलं."

त्यांनी मागचं झाकण माझ्यापुढे धरलं. दुरुस्त करणारा आतल्या बाजूला सुईने तारीख कोरून ठेवतो. तिथे तीन तारखा होत्या, तिन्ही माझ्या लग्नाच्या आधीच्या.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. रस्ताभर मी ती डायल बघतोय आणि दर वेळी किती वाजले ते बघायचं राहून जातंय. इतकी वर्षं वेळ बघितली, डायल कधी बघितलीच नाही. या पांढऱ्या रंगाखाली काय असेल? पिवळे डाग, पुसट झालेले आकडे, कुणाच्या तरी रोजच्या सकाळी. लग्नानंतर महिन्याभरातच ते मागे पडायला लागलं, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, "नाना, दुकानदाराने तुम्हाला फसवलं." सासरे नुसते हसले होते.

आता आठवतंय. जावयाला घड्याळ द्यायची रीत म्हणून मांडवात नानांनी ते स्वतः माझ्या हातावर बांधलं. उन्हाने रापलेल्या त्यांच्या मनगटावर पट्ट्याच्या रुंदीची जागा तेवढी गोरी होती.