गंधाराचा पत्ता

नाना गेल्याचं मला जब्बारचाचांच्या आवाजात कळलं. दुपारी ऑफिसात डबा उघडत होते, तेवढ्यात त्यांचा व्हॉइस मेसेज आला. "सई बेटा, नाना गेले. सकाळी चहा घेतला अन् खुर्चीतच... तू ये." पुढे नुसता केजच्या रस्त्याचा आवाज, जीपवाल्यांची हाकाटी. बोलणं संपल्यावर फोन बंद करायचं त्यांना सुचलं नसावं. मी तो मेसेज शेवटपर्यंत ऐकला.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे मामा. केजला शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते, एकटेच राहायचे. शेजारी जब्बारचाचांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. गुरुवारच्या भजनाला पेटीची साथ चाचांचीच असे. दोघांचं दिवसातून एकदा भांडण झालं नाही तर गल्लीतले लोक त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचे.

मी इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत गावी आले की भावंडं माझ्या मराठीला हसत, म्हणून मी कमी बोलू लागले, आणि पुढे तो माझा स्वभावच झाला. गायला मात्र आवडायचं, कारण गाताना शब्द आपले नसतात. पण क्लासमधल्या बाईंनी एकदा सगळ्यांसमोर पेटीवर बोट दाबून धरलं आणि म्हणाल्या, "तुझा गंधार उतरतो. दर वेळी उतरतो." तेव्हापासून मी क्लासात नुसते ओठ हलवायची. पुढे क्लासही सुटला.

नानांना हे ठाऊक नव्हतं. बारावीनंतरच्या सुट्टीत त्यांच्या ओसरीवर शेंगा फोडताना मी स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते आणि मध्येच थांबले.

"कावून थांबलीस?"

"माझा गंधार खाली लागतो."

"कशाच्या खाली?"

नाना उठले आणि आतून त्यांची तार घेऊन आले. शाळेच्या मोडक्या बाकाची फळी, तिच्यावर मीटरभर ताणलेली एक तार, खाली सरकवायची लाकडी घोडी आणि फळीच्या कडेला चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर कंसात तीन आकडे. लहानपणापासून ती फळी मी बघत आले होते, पण ते आकडे काय आहेत हे कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी समजावून सांगितलं. सूर म्हणजे गुणाकार. तार निम्मी केली की वरचा सा मिळतो, म्हणजे दोनाने गुणलं. तीन आणि पाच हे आकडे असेच तारेचे भाग पाडून मिळतात, आणि शुद्ध सूर या तिघांच्याच गुणाकार-भागाकारातून निघतात. मग मोठमोठे अपूर्णांक कशाला लिहायचे? दोन किती वेळा आला, तीन किती वेळा, पाच किती वेळा, एवढंच लिहायचं. भागाकार असेल तिथे वजा. पंचम म्हणजे वजा एक, एक, शून्य. एका सुरावरून दुसऱ्यावर जायचं तर आकडे नुसते मिळवायचे. "पत्ता हाय हा," नाना म्हणाले. "गल्ली, घर, मजला." ही लिहिण्याची रीत त्यांना इंटरनेटवर सापडली होती. इंग्रजीतली ती पानं पुढे मीच त्यांना वाचून दाखवू लागले. मला बोलायला लावायची ही त्यांची युक्ती होती, असं आता वाटतं.

मग त्यांनी मला सा दिला आणि गंधार लावायला सांगितला. मी गायले, ते घोडी सरकवत राहिले. तार आणि माझा आवाज एक झाले तिथे त्यांनी बोट ठेवलं. ऐंशी सेंटिमीटर, मीटरभर तारेचा बरोबर चार पंचमांश. तिथे पट्टी आधीच चिकटवलेली होती: वजा दोन, शून्य, एक. पेटीचा गंधार त्यापासून जेमतेम अर्ध्या बोटावर पडत होता. सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून बसवलेला तो सूर. त्याला या कंसात पूर्ण आकड्यांचा पत्ताच नव्हता.

"तू तुझ्या घरीच होतीस," नाना म्हणाले. "पेटीच बेघर हाय."

दुकानातून चाचांचा आवाज आला, "पेटी बेघर, अन् तुमची तार लई बंगल्यात राहती!"

आता मी गुरुवारी भजनात गावं, असं नानांनी मनावर घेतलं. मी नको म्हणत होते. पेटीसमोर पुन्हा तेच होईल, ही भीती होती. तेव्हा त्यांनी काय केलं, तर भाता तपासायच्या निमित्ताने चाचांची पेटी घरी आणली आणि आतले पितळी सूर बारीक कानशीने खरवडून शुद्ध केले. सगळे. माझा सा म्हणजे पेटीची काळी पाच, तिथून मोजून. मला सांगितलं नाही, आणि चाचांना तर नाहीच.

गुरुवारी पहिलं मी गायले. गंधारावर आले आणि पेटी माझ्याबरोबर तिथेच होती. एवढंच आठवतं. बाकी लोक, सतरंजी, काही दिसत नव्हतं. नंतर भजनी मंडळाचे बुवा बसले. ते पांढरी एकमधून गाणारे, त्यांचा सा वेगळा. त्यांच्या पहिल्याच ओळीला पंचम असा कण्हला, की टाळ वाजवणारे थांबले. कुणीतरी हसलं. चाचांनी भाता सोडला.

"नाना, पेटीला हात लावला तुमी?"

"लावला."

"एका पोरीपायी सगळ्या मंडळाला बेसूर केलं की हो!"

नानांची बोटं मांडीवर आकडे मोजत हलू लागली. "चुकलं," ते म्हणाले. "हिचाच सा धरला. बुवांचा धरलाच न्हाई." आणि मग हळूच मला, "वजा चार, चार, वजा एक. तेवढाच पंचम उतरला बघ त्यांचा." आपल्या चुकीलाही पत्ता आहे, याचंच त्यांना समाधान वाटत होतं. चाचा आठवडाभर बोलले नाहीत. पेटी मात्र त्यांनी स्वतःच पूर्ववत केली.

त्यानंतर मी चारचौघांत गायले नाही. पुण्याला नोकरी लागली. नानांचा फोन यायचा, पण त्यांनी कधी "कशी आहेस" म्हटलं नाही. "गंधार कसा हाय?" एवढंच विचारायचे. मी म्हणायची, "जागेवर आहे." खरं तर मी गाऊन बघतच नव्हते. त्यांनाही ते कळत असावं...

दहावं-बारावं झाल्यावर पुन्हा केजला गेले. फळी खुर्चीशेजारीच टेकवलेली होती, घोडी ऐंशीवर. तार सैल पडलेली. मी ती पिळून ताणायला बघत होते, तेवढ्यात चाचा पेटी घेऊन आत आले आणि जमिनीवर बसले.

"वरची पांढरी दोन दाब."

मी दाबली.

"सगळे सूर परत घासले, हा एक, तुझा गंधार, तसाच ऱ्हाऊ दिला. तितवर हात जातो कुणाचा? नानांना बोललो न्हाई. म्हटलं, लई फुगतील." ते भाता हलवू लागले. "आता सांग बेटा, गंधार कसा हाय?"

जागेवर आहे, असं म्हणणार होते. दार उघडं होतं, दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. चाचा भाता हलवत राहिले. मी सूर लावला.