दादा टॅम्प्लीज मानतो

जेवायला भरीत झालंय आणि घरात कोणी कोणाशी बोलत नाहीये. दोन्हींची गुंगी सारखीच असते. मी आतल्या खोलीत आडवा होतो. पेपर छातीवर येतो, छातीवरून पोटावर घसरतो, आणि पायांकडची गादी कोणी बसल्यासारखी खचते.

दिगूदादा बसलाय. माझा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी हार्ट ॲटॅकने गेला. अंगात तोच हाफ बुशशर्ट, खिशाला पेन. मला आश्चर्य वाटत नाही. एवढंच वाटतं की आता वृंदाला चहा टाकायला सांगावं लागेल, आणि माझी बायको आज कोणाचंच ऐकायच्या मनःस्थितीत नाही.

“ओजस कुठाय?” तो विचारतो.

मी सांगतो, बॅग भरतोय. ओजस दादाचा मुलगा. वहिनी लातूरला नर्स आहेत, बदली मिळत नाही, म्हणून बारावीपुरता तो बार्शीला आमच्याकडे राहतो. त्याची आणि माझ्या सारंगची खोली एक, पंखा एक. पंखा पाचवर ठेवायचा की दोनवर, यावरून बुधवारी दोघांची जुंपली आणि सारंगच्या भुवईला टाके पडले. निदान दोघंही पंखाच सांगतात. पंख्यावरून कोणी कोणाची भुवई फोडत नाही, एवढं मला कळतं. मग कशावरून, ते कळत नाही. आज संध्याकाळच्या गाडीने ओजस निघालाय, परत न येण्यासाठी. आणि दादाच्या दहाव्याला मी वहिनींना म्हणालो होतो की पोराची काळजी माझ्यावर सोडा.

“तू तर हेच शिकवतोस ना रे?” दादा म्हणतो.

शिकवतो. कॉलेजाकॉलेजात जाऊन ‘तरुणांमधील संघर्ष व त्याचे निराकरण’ या विषयावर मी दिवसभराची शिबिरं घेतो. चहा-जेवण आयोजकांकडून. माझ्या शिबिरात आजवर एकदाही मारामारी झालेली नाही, कारण मारामारी करणारी पोरं शिबिराला येत नाहीत.

घरीही शिबिर घेतलं, मी दादाला सांगतो. दोघांना टेबलाशी समोरासमोर बसवलं. ‘तू असं केलंस’ म्हणायचं नाही, ‘मला असं वाटलं’ म्हणायचं, हा नियम समजावला. सारंग म्हणाला, मला असं वाटलं की हा गाढव आहे. ओजस म्हणाला, मला असं वाटलं की याला अजून एक ठेवून द्यावी. तंत्राच्या दृष्टीने दोन्ही वाक्यं बरोबर होती.

दादा हसत नाही. पोरं भांडतात तरी का, असं तो विचारतो. मी म्हणतो, तेच तुला विचारणार होतो. मेल्यावर सगळं कळतं असं ऐकून आहे.

“मीही ऐकून होतो,” तो म्हणतो.

मी उठायला जातो तर गादी नाही, शिबिराचा हॉल आहे. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, सगळ्या रिकाम्या. मागे बॅनर. त्यावर नाव माझं आणि फोटो दादाचा, हार घातलेला. व्यासपीठावर एकच खुर्ची. दादा तिच्याकडे निघतो. मी म्हणतो, ती वक्त्याची आहे. तो म्हणतो, मी थोरला आहे. मी म्हणतो, मी आधी आलोय. तो खुर्चीचा एक हात धरतो, मी दुसरा. मी चोपन्न वर्षांचा आहे, तो वारलेला आहे आणि खुर्ची मंडपवाल्याची आहे, तरी कोणी सोडत नाही. मला तर बसायचंही नसतं. मी उभ्यानेच बोलतो.

तो माझी कॉलर धरतो. मी त्याच्या बुशशर्टाचं बटण तोडतो. फरशी मऊ लागते, बघतो तर शाळेमागचं मैदान. आम्ही दोघं अर्ध्या चड्डीत, माझा चष्मा मात्र आत्ताचाच. दादा खाली, मी त्याच्या छातीवर. हे आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्याच्या भुवईतून रक्त येतंय, आणि चेहरा मधेच ओजसचा होतोय, मधेच परत त्याचा. मी जिंकतोय. आणि मला स्वच्छ कळतंय की मी जिंकलो की हा उठून जाणार आणि पुन्हा येणार नाही.

मला थांबायचंय. पण आत्ता सोडलं तर हरलो असं होईल. भोवती पोरं गोल करून बघतायत. मी शिबिरातल्या पायऱ्या आठवतो. पहिली पायरी, दीर्घ श्वास. तो घेतल्यावर बुक्की जास्त जोरात बसते, हे पुस्तिकेत दिलेलं नाही.

मग माझीच मूठ माझ्या तोंडाशी येते. मी तिला जीभ लावतो आणि वर धरतो.

“टॅम्प्लीज.”

दादा होता तसा थांबतो. नियम म्हणजे नियम. लहानपणी लपाछपीत, लगोरीत, मारामारीतसुद्धा, मूठ चाटून वर धरली आणि टॅम्प्लीज म्हटलं की समोरच्याने थांबायचं. का, ते विचारायचं नाही. हा नियम आम्हाला कोणी शिबिर घेऊन शिकवला नव्हता.

तो उठून बसतो, माती झटकतो, धापा टाकतो. गेलेल्या माणसाला धाप लागलेली बघून मला उगाच अवघडल्यासारखं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारतो, आपण कशावरून भांडायचो रे? सायीवरून, तो म्हणतो. मी म्हणतो, साय तुला आवडायचीच नाही. तो म्हणतो, कारण आपण नंतर शोधायचो. आई विचारायची म्हणून.

“आणि थांबायचो कसे?”

“टॅम्प्लीज घेणारा हरलेला नसायचा,” दादा म्हणतो. “त्याची चड्डी सुटलेली असायची.”

मला काहीतरी समजल्यासारखं वाटतं. मिसरूड फुटल्यावर चड्डी सुटल्याचं सांगता येत नाही. आणि मोठ्या माणसांसारखा वीस-वीस वर्षं अबोला धरायला लागणारी चिकाटी त्या वयात नसते. मधल्या पोरांनी थांबायचं कसं, याची कोणी सोयच केलेली नाही. सुरू करायची सोय मात्र सगळीकडे आहे. हे दादाला सांगावं म्हणून वळतो, तर आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर आहोत आणि लातूरची गाडी लागलीय. गोल करून उभी असलेली पोरं तीत चढतायत. दादा उठतो.

मी मूठ अजून वरच धरलीय. टॅम्प्लीज चालू आहे, मी म्हणतो, जाता येत नाही.

“मीपण वर केली होती,” तो म्हणतो. “दवाखान्यात. तिथे कोणाला नियम माहीत नव्हता.”

तक्रार म्हणून तो हे सांगत नाही. रिक्षावाल्याकडे सुट्टे नव्हते, असं सांगावं तसं सांगतो. मी तोंड उघडतो, आणि कंडक्टर डबल बेल मारतो.

जाग येते तेव्हा ऊन तिरपं झालंय. उजवा हात छातीवर, मूठ वळलेली. मुठीची पाठ ओली आहे. झोपेत माझी लाळ गळते असं वृंदाचं म्हणणं आहे, आणि ते खोडून काढण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. मूठ सोडवावी म्हणतो, तर बोटं ऐकत नाहीत.

बाहेरच्या खोलीत ओजस बूट घालतोय, बॅग खांद्यावर. सारंग त्याचा राहिलेला चार्जर आणतो आणि त्याच्या अंगावर टाकतो. हातात देता येत नाही का, ओजस विचारतो. तुला हात आहेत होय, सारंग म्हणतो, मला वाटलं नुसत्या बुक्क्याच आहेत. ओजस उभा राहतो. दोघं छातीला छाती लावून. टाक्यांवरची पट्टी अजून तशीच आहे.

मी मधे जाऊन उभा राहतो. एकही पायरी आठवत नाही. मूठ तेवढी वर करतो. शब्द काही बाहेर पडत नाही. या वयात लाज वाटते.

सारंग मुठीकडे बघतो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला सांगतो की बाबांना काहीतरी होतंय.

ओजस त्या ओल्या मुठीकडे बघत राहतो. मग बॅगेचा पट्टा खांद्यावरून काढतो.

“काका,” तो म्हणतो, “नुसती मूठ चालत नाही. म्हणावं लागतं.”