थंडी बेताची

साठ सालच्या आगेमागे मी मिठबावात शाळामास्तर होतो आणि तालुक्याच्या एका साप्ताहिकाचा बिनपगारी वार्ताहर. त्या काळी गावच्या बातमीपत्राची सुरुवात हवापाण्यानेच व्हायची. 'येथे थंडी बेताची आहे. रोगराई नाही.' मग मासळी, मग जत्रा, मग कुणाची तरी बदली. थंडी मोजायचं यंत्र कुणी पाहिलंय! संपादकांनी आम्हाला तीन शब्द ठरवून दिले होते, बेताची, बरीच आणि कडाक्याची. त्यांतला एक निवडायचा आणि पाकीट टपालात टाकायचं. ती ओळ कुणी वाचत नाही अशी माझी समजूत होती.

शेजारच्या म्हातारीचा मुलगा मात्र तीच ओळ आधी वाचायचा. तो मुंबईला गिरणीत होता. म्हातारीला दमा, थंडी वाढली की छाती भरायची. तिची पत्रं मीच लिहायचो आणि दर पत्रात ती 'मी बरी आसंय' एवढंच सांगायची. मुलगा काही दुधखुळा नव्हता. पत्रावर त्याचा विश्वास नव्हता, पेपरावर होता. एका वर्षी मी लिहिलेलं 'कडाक्याची' वाचून तो बोटीने विजयदुर्गला उतरला आणि धावतपळत घरी आला. आई अंगणात पातेरा झाडत होती. तिकडे त्याची गिरणीतली जागा गेली.

पुढच्या पौषात पहाटेचा मतलई वारा अंगाला झोंबायला लागला. म्हातारी भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. मी पत्र लिहायला गेलो, तर म्हणाली, "मास्तरांनू, ह्या खेपेक पेपरात थंडी बेताची म्हणान लिवा."

"काकी, माझे दात वाजतत."

"वाजांदेत. तेका आत्ता खंय कायमची नोकरी लागली हा. धावत इलो तर तीव जायत. माका काय होवचा नाय."

थंडीच तर आहे, एका शब्दाने कुणाचं काय बिघडतं, अशी मी मनाची समजूत घातली. तीन आठवडे मी 'बेताची' लिहिलं आणि तीन आठवडे ते छापून आलं. तिसरा अंक वाचून दाखवला तेव्हा तिने हातानेच खूण केली, परत वाचा म्हणून. बोलायला दम उरला नव्हता. मी परत वाचलं. तेव्हा तरी उठून तार करायला हवी होती. केली नाही. पोराचं आयुष्य मार्गी लागावं म्हणून ती सोसत होती, आणि तिचा शब्द मोडणं मला पाप वाटलं. आता वाटतं, मी नुसता भित्रा होतो.

दोन दिवसांनी ती गेली. मग मी देवगडला जाऊन तार केली. मुलगा पोचला तिसऱ्या दिवशी. अग्नी पुतण्याने दिला होता.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा माझ्या ओटीवर आला. अंगात मुंबईचा पातळ सदरा, हात काखेत घातलेले. मी आतून घोंगडी आणून दिली, ती त्याने तशीच बाजूला ठेवली. मी त्याला सगळं सांगितलं, आईने काय सांगितलं होतं आणि मी काय लिहिलं ते. रडेल, निदान चार शिव्या तरी देईल, असं वाटलं होतं. त्याने खिशातून शेवटच्या अंकाची घडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. आमच्या गावच्या मजकुराखालीच शेजारच्या गावचं बातमीपत्र होतं. 'येथे थंडी कडाक्याची पडली आहे.' त्या ओळीवर त्याने बोट ठेवलं.

"ह्यापण मी वाचलंय," तो म्हणाला. "पण मनात म्हटलंय, आमचे मास्तर खोटा लिवचे नाय."